सव्वा फूट

"बाबा खोटं बोलले," ताई फोनवर म्हणाली. तो बर्फाच्या बादलीत घोटे बुडवून खिडकीशी बसला होता. आदल्या दिवशीचा बास्केटबॉलचा सामना जिंकलेला, आज सुट्टी, सहाव्या मजल्यावरच्या क्लबच्या फ्लॅटमध्ये ऊन थेट पलंगापर्यंत आलेलं. पलंगाच्या पायथ्याशी एक ट्रंक जोडलेली होती, कारण पलंग कुठलाही घ्या, याचे पाय बाहेरच. एकंदरीत छान चाललं होतं. पाय गार पडले होते ते बर्फानं. पण ताईचं वाक्य ऐकल्यावर कानापासून खाली वेगळीच थंडी उतरत गेली. त्यांच्या घरात ताई खोटं बोलायची, तो बोलायचा, शेजारी तर हौसेनं बोलायचे; बाबा नाही. काही लोकांना शीळ घालता येत नाही, तसं बाबांना खोटं बोलता येत नसे.

"अगं, पण झालं काय?"

"कोर्टाला तुझं नाव द्यायचंय ना, म्हणून नगरपालिकेची इंजिनीअर बाई आली होती मोजायला. लाल दिव्याचं यंत्र लावलं आणि म्हणाली, फ्री थ्रोची रेघ सव्वा फूट मागे आहे, कुणी मारली ही? बाबा शेजारीच उभे. म्हणाले, माहीत नाही."

"माहीत नाही म्हणाले?"

"माहीत नाही म्हणाले! आणि ती गेल्यापासून टेप घेऊन तिथंच बसलेत. चहाला बोलावलं तर हात हलवून परत पाठवलं मला. तू ये रे आता. तुझंच कोर्ट आहे."

त्यानं पाय पुसले. सव्वा फूट. ताईनं सांगायच्या आधीपासून त्याला तो आकडा ठाऊक होता, म्हणजे आकडा म्हणून नाही, पायाला ठाऊक होता: एक बूट आणि वर दोन बोटं. दोन वर्षं तो हे अंतर बरोबर घेऊन फिरत होता. कुणालाही सांगितलं नव्हतं, कोचला नाही, क्लबच्या डॉक्टरला नाही, ताईलाही नाही. आणि आता एका बाईनं चुटकीसरशी, लाल दिवा पाडून, सगळ्या गल्लीसमोर ते मोजून टाकलं होतं. त्याला त्या बाईचा राग यावा तर तोही येईना. तिनं तिचं काम केलं होतं.

गाडी त्यानं गेल्या वर्षी घेतली होती, तीही शोरूममधल्या सात गाड्यांत बसून, गुडघे कानाला लागत नाहीत एवढं एकच बघून. तिच्या खिडक्यांतून शहर नेहमी जरा खालच्या बाजूनं दिसे. पहिल्याच सिग्नलला थांबल्यावर समोर पांढरे पट्टे आले, रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचे, आणि त्याची नजर सवयीनं त्यांच्या कडांवर गेली. बाबांचे नव्हते. बाबांचे पट्टे कडेला फुटत नसत. एकतीस वर्षं बाबांनी या शहराच्या रस्त्यांवर रेघा मारल्या. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजाराला निघालं की दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागे, कारण बाबा मधेच थांबून म्हणत, हा माझा. हा माझा. हा त्या गाढवाचा, बघ कसा लचकलाय. लोकांच्या बापांची शेतं असतात, दुकानं असतात. याच्या बापाचे पट्टे होते, आणि त्यांवरून अख्खं शहर चालत होतं. रेघ कशी हवी, बाबा म्हणत, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ती इथं होतीच, आपण नुसती धूळ पुसली. त्या माणसानं आज स्वतःच्या रेघेसमोर उभं राहून तिला ओळख दिली नव्हती. त्याला सारखं तेच दिसत होतं, बाबांचं तोंड नव्हे, बाबांचे ते शब्द म्हणतानाचे हात. कुठं ठेवले असतील त्यांनी हात? मागे? खिशात?

आणि रेघ मारली तो रविवार. तो नऊ वर्षांचा होता आणि तेव्हाच लोक त्याला शिडी म्हणायला लागले होते, कारण बाबांनी रिंग बसवायला आणलेली शिडी खांद्यावर घेऊन तो गल्लीतून चालत आला आणि कुणीतरी ओरडलं, अरे, दोन शिड्या चालल्यात! गल्लीच्या टोकाला, सलूनसमोर मोकळी जागा होती. तिथं नगरपालिकेतल्या साहेबांच्या परवानगीनं, उरलेल्या रंगातून बाबांनी कोर्ट आखलं. साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: रिंग दहा फूट उंच, रेघ पंधरा फूट. कुठून पंधरा फूट, ते लिहिलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यानं पावलं टाकून अंदाजानं मारली असती आणि कदाचित नशिबानं बरोबर आली असती. बाबा पडले बाबा. ते शिडीवर चढले, रिंगवर काठी आडवी ठेवली, काठीचा मध्य काढला, तिथून दोरीला वजन बांधलेला ओळंबा सोडला, आणि तो हलायचा थांबेपर्यंत खाली कुणाला श्वास घेऊ दिला नाही. चेंडू रिंगमध्ये जाणार, तर अंतर रिंगपासूनच धरायला हवं, ही गोष्ट त्यांना इतकी उघड वाटली की विचारायचं काय त्यात? सगळं जग ते अंतर रिंगमागच्या बोर्डापासून धरतं. बोर्ड आणि रिंगचा मध्य, यांच्यात सव्वा फुटाचं अंतर असतं. ओळंब्याचं टोक जिथं टेकलं तिथं टेपचं टोक धरून तो उकिडवा बसला होता. "टोक नीट धर," बाबा म्हणाले. त्यानं इतकं नीट धरलं की अंगठ्याचं नख पांढरं पडलं. मग खडू लावलेली दोरी ताणली, टणकन सुटली, आणि बाबांनी रंगाचा डबा उघडला. त्या वासाची आठवण आली की अजूनही त्याला भूक लागते.

त्या रेघेवरून त्यानं नऊ वर्षं चेंडू टाकले. शाळेच्या आधी, शाळेनंतर, शाळेच्या ऐवजी. परक्या कोर्टांवर फ्री थ्रो चुकत असत, पण चाळीस गुण करणाऱ्या पोराचे चार चुकले तर विचारतो कोण? क्लबचा माणूस त्याला बघायला आला तोही याच कोर्टावर आला, सलूनच्या बाकावर बसून त्यानं सलग एकोणीस चेंडू आत जाताना पाहिले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते पुढं सगळ्यांच्याच अंगाशी आलं. पहिला मोसम. एकोणीस वर्षांचं वय, पाठीवर नंबर, हॉलमध्ये सहा हजार माणसं. तो धावे, उडी मारे, चेंडू हिसकावून घेई, पेपरवाले म्हणत असा खेळाडू दहा वर्षांत झाला नाही. मग कुणी धक्का देई, पंच शिट्टी वाजवी, बाकीचे सगळे दोन्ही बाजूंना उभे राहत, आणि तो रेघेवर एकटा. चेंडू हातातून सुटताना अगदी बरोबर वाटे. मनगटाला, कोपराला, पोटरीला, सगळ्यांना बरोबर वाटे. आणि रिंगच्या मागच्या कडेवर टण्. त्या टण्चा आवाज एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एवढा स्वच्छ कसा ऐकू येतो, याचं त्याला तेव्हाही नवल वाटे. शंभरातले त्रेचाळीस. समोरच्या संघांना पत्ता लागला, आणि ते त्याला मुद्दाम धक्के द्यायला लागले; शिडीला हलवा, लोक ओरडत, शिडीला हलवा! शेवटच्या दोन मिनिटांत कोच त्याला बाहेर बसवायचा. डोळे तपासले. बोटं तपासली. एका मनाच्या डॉक्टरनं त्याला गादीच्या खुर्चीत बसवून विचारलं, रेघेवर उभं राहिल्यावर तुला कोण दिसतं? तो म्हणाला, रिंग. डॉक्टरला ते उत्तर आवडलं नाही.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. चाललं नाही ते सलून. मोसमातला शेवटचा सामना त्याच्या दोन चुकलेल्या फ्री थ्रोंनी गेला, आणि तो दुसऱ्या दिवशी घरी आला. घरी कुलूप. बाबा कुठं असणार, सलूनमध्ये. टीव्ही तिथं मोठा होता आणि श्रोतेही. तो दारातून वाकून आत शिरत होता, त्याला सगळीच दारं वाकून घ्यावी लागतात, आणि बाबा पाठमोरे बाकावर बसून सांगत होते, "पोरगं वाघ आहे, त्यात वाद नाही. पण रेघेवर गेलं की पाय लटपटतात. भित्रेपणा आहे, दुसरं काय? रेघ खोटं बोलत नाही." सलूनवाल्या काकांनी आरशात त्याला पाहिलं. त्यांच्या हातातली कात्री एका गिऱ्हाइकाच्या कानापाशी उघडीच राहिली. तो तसाच, वाकलेलाच, मागे सरकला आणि निघून गेला. काकांनी ही गोष्ट बाबांना कधी सांगितली नाही, आणि त्यालाही कधी विचारली नाही. केस कापता कापता एवढंच म्हणत, मान खाली घाल रे, पोचत नाही माझा हात.

त्याच मुक्कामात तो एका पहाटे कोर्टवर गेला, कुणी नसताना, चोरासारखा. पंचवीस टाकले. तेवीस आत. आधी आनंद झाला, मग भीती वाटली: म्हणजे बाबा म्हणतात तेच खरं की काय, माणसं बघायला नसली की जमतं? तो मान खाली घालून बोर्डाखालून रेघेकडे पाऊल-पाऊल चालू लागला. क्लबच्या हॉलमध्ये इतक्या वेळा मान खाली घालून चाललेला होता की तिथलं अंतर पायांना पाठ झालं होतं, तेरा बूट आणि सहा बोटं. इथं चौदा बूट झाले, आणि वर आठ बोटं. त्यानं पुन्हा मोजलं. मग तो रेघेवर बसला आणि हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, एका खिडकीतून कुणीतरी खोकून दाखवलं तेव्हा थांबला. आपण भित्रे नाही. एवढंच. आपल्या हातांनी कधी चूक केलीच नव्हती; ते इमानानं बाबांच्या रेघेवरूनच चेंडू टाकत होते, हॉल कुठलाही असो. उठून जावं आणि बाबांना हलवून जागं करावं असं वाटलं. पण दोन महिन्यांनी बाबा निवृत्त होणार होते. साहेब भाषणात म्हणणार होते, आणि पुढं म्हणालेही, की या माणसाची एक रेघ एकतीस वर्षांत चुकली नाही. ते ऐकताना बाबा बुटांकडे बघत होते आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, टाळ्या वाजवत होता.

गाडी वळली. इथून पुढचे पट्टे बाबांचे होते. कडा फुटलेल्या नव्हत्या. तो गप्प राहिला तो बाबांसाठी, असं त्यानं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं होतं. ते खरंही होतं, पण सगळं खरं नव्हतं. गप्प राहण्यात एक गोडी होती. तुम्ही मला भित्रा म्हणालात, आणि मला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत नाही. हे तो उशाखाली ठेवून झोपत असे. दुसऱ्या मोसमात तो रेघेवर न जाता एक बूट आणि दोन बोटं मागे उभा राहायला लागला. नियमाला हरकत नव्हती. शंभरातले सत्त्याऐंशी. पेपरवाल्यांनी विचारलं तेव्हा म्हणाला, लहानपणची सवय आहे. नवा कोच कपाळाला हात लावायचा: "जग पुढं सरकायला बघतं, आणि हे महाशय मागे!" आता शहरातल्या शाळांमध्ये पोरं रेघ सोडून मागे उभी राहतात म्हणे, आणि त्यांचे मास्तर त्याला शिव्या घालतात. दर सामन्यात, मागे सरकताना, सव्वा फुटाच्या त्या रिकाम्या जागेकडे बघून त्याला बरं वाटे. तिथं बाबा आहेत असं वाटे. कधी प्रेमानं वाटे, कधी तसं नाही. बाबा टीव्हीवर ते बघत आणि फोनवर एवढंच म्हणत, आता बरं टाकतोस.

कोर्टवर बाबा खरोखरच बसले होते, रेघेच्या अलीकडे, मांडी घालून, शेजारी टेप, ओळंबा आणि ताईनं आणून ठेवलेला, साय धरलेला चहा. त्याची सावली त्यांच्यावरून पलीकडे बोर्डापर्यंत गेली. बाबांनी वर पाहिलं नाही.

"तीनदा मोजलं," ते म्हणाले. "बाई बरोबर आहे."

"बाबा, असू दे ना. मैदानावरची रेघ ती."

"तुला कधी कळलं?"

विचारलं असतं "तुला माहीत होतं का," तर तो नाही म्हणाला असता. तेवढं खोटं त्यानं गाडीत तयार करून ठेवलं होतं. पण बाबा तिथपर्यंत पोचून पुढं गेले होते. टेप घेऊन बसलेल्या माणसाला टीव्हीवरचा तो मागे सरकलेला पाय दिसायला कितीसा वेळ लागणार?

"पहिल्या मोसमानंतर," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. "म्हणजे ते सगळे चेंडू," ते म्हणाले, "ते तुझे चुकलेच नव्हते. माझे चुकले होते." मग म्हणाले, "शेवटच्या सामन्यातले ते दोन्हीही." आणि त्यांच्या तोंडाची जी अवस्था झाली ती त्याला बघवेना. दोन वर्षं उशाखाली ठेवलेली ती गोष्ट एकदम नकोशी झाली. कुणी काढून फेकून देईल तर बरं असं वाटलं. आपण एवढं जपलं ते हे बघण्यासाठी? तो खाली बसला. त्याचं बसणं म्हणजे टप्प्याटप्प्यानं होतं, आधी गुडघे, मग बाकीचा.

"टोक मी धरलं होतं," तो म्हणाला. "निम्मं माझं."

बाबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "गप बस. नऊ वर्षांचा होतास."

"नीट धरलं होतं पण."

"ते खरं. नीट धरलं होतंस." बाबा उठले. उठताना त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला. तो बसलेला असला तरच त्यांचा तिथं हात पोचायचा. त्यांनी बोर्डापासून पंधरा फूट मोजून खडूची एक रेघ ओढली, चेंडू त्याच्याकडे लोटला आणि म्हणाले, "टाक इथून."

त्यानं टाकला. टण्. मागची कड. आणखी एक. टण्. बाबा ऐकत होते, गाडीचं इंजिन ऐकावं तसे. मग तो एक बूट आणि दोन बोटं मागे सरकला, जुन्या पांढऱ्या रेघेवर आला, आणि चेंडू जाळीतून असा गेला की जाळी हललीसुद्धा नाही. बाबांना हसू आलं. ते आलेलं त्यांना आवडलं नाही, पण आलं. "लेका, चांगला शिकवला म्हणायचा तुला मी," ते म्हणाले. "चुकीचाच, पण पक्का." त्यावर त्यालाही हसू आलं.

मग बाबा काही न बोलता रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेले. तो मागोमाग गेला, दारात वाकला, आणि तिथंच थांबला. बाकावर तीन जण होते, खुर्चीत एक, आणि काकांच्या हातात कात्री. बाबा बाकावर बसले नाहीत. ते आरशासमोर उभे राहिले. आरशात त्यांना दारात वाकलेला तो दिसत होता, आणि त्यालाही त्यांचं तोंड दिसत होतं. सकाळपासून त्याला जे कळत नव्हतं ते आता दिसलं: हात त्यांनी बाजूला मोकळे सोडले होते.

"समोरची रेघ मी मारली," बाबा म्हणाले. "सकाळी मी त्या बाईला माहीत नाही म्हणालो. ते खोटं. बाई चारला येणार आहे, तिलाही सांगणार आहे. सव्वा फूट चुकली." ते थांबले. आरशातून त्याच्याकडे बघत पुढचं बोलले. "आणि इथं बसून मी म्हणालो होतो की याचे पाय लटपटतात. ते नव्हते लटपटत. माझी रेघ चुकली होती."

पंखा फिरत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि कात्री गल्ल्यावर ठेवली. जणू दोन वर्षं तशीच उघडी हातात होती, आता ठेवली. बाकावरचा एक जण तेवढ्यात म्हणाला, "मग भाऊ, बाहेरचे रस्त्यावरचे पट्टे? का रोज आम्ही वाकडेच चालतोय?"

"ते बरोबर आहेत," बाबा ताडकन म्हणाले.

"रेघ पण बरोबरच होती काल संध्याकाळपर्यंत," काका म्हणाले.

सगळे हसले. बाबांचे कान लाल झाले, भाषणाच्या दिवशी झाले होते तसे. "मोजा ना मग!" ते म्हणाले आणि टेप काढून तडक बाहेर पडले. मागोमाग बाक उठला, गळ्याला पांढरं कापड बांधलेलं, अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक उठलं, ताई कुठूनशी धावत आली. काकांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. एक बस थांबली. तिच्या ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे, ही तर शिडी! काय मोजताय?" आणि इंजिन बंद करून बघत बसला. बाबा पट्ट्यांच्या पलीकडच्या कडेला पोचले होते. तिथून त्यांनी वळून पाहिलं, टेपचं टोक त्याच्या दिशेनं सरकवलं, आणि शहरात सगळ्यांत उंच असलेला तो माणूस भर रस्त्यात, पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला, उकिडवा बसला.

"टोक नीट धर," बाबा म्हणाले.

त्यानं अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत धरलं.